रडकीवरची छोटी दांडी

भात पिवळं पडायला लागलं की मला थकवा येतो. कापायच्या आधीच. सुगीच्या दिवसांत माणसाच्या अंगात उत्साह संचारतो, असं मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे. ते लिहिणाऱ्यांकडे बहुधा शेत नसावं. आमच्याकडे त्या दिवसांत संचारतो तो फक्त घाम. सकाळी दव, दुपारी पाठ भाजणारं ऊन, बांधावर घिरट्या घालणारे चतुर, आणि दुपार कलली की राजमाचीच्या अंगानं हळूच वर येणारा एक काळा ढग. परतीचा पाऊस हा निघतो निघतो म्हणत उंबऱ्यात पुन्हा गप्पा मारत बसणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. त्याला जा म्हणता येत नाही, आणि तो आहे तोवर काही करताही येत नाही.

काल वरच्या शेतातली कापणी उरकली. आज सकाळी जीपवरची ताडपत्री काढली. आत तोच वास: जुनं ऑईल, गेल्या वर्षीचा पेंढा, आणि सीटच्या फाटलेल्या कोपऱ्यात संसार थाटलेल्या उंदरांचा. मी स्टिअरिंगशी बसले. डावा हात आपोआप गिअरच्या दांडीवर गेला आणि नजर तिच्या शेजारच्या छोट्या दांडीवर. गेल्या वर्षीचा हंगाम तिथेच बसून होता.

ज्यांचा अशा गाडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांडीला खेटून एक छोटी दांडी असते. ती ओढली की इंजिनाचा जोर चारही चाकांना जातो, आणि आणखी एका घरात टाकली की गाडी 'लो'मध्ये पडते. म्हणजे वेग बैलगाडीचा आणि ताकद रेड्याची. खाली गाडीच्या पोटात ट्रान्स्फर नावाची लोखंडी पेटी असते. दांडी आणि ती पेटी यांना जोडणारे रॉड, पिना, बुश असा सगळा सांधा म्हणजे लिंकेज. माणसाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत जे असतं, तसंच. आणि खांद्याप्रमाणेच तो सांधाही वयोमानानं झिजतो.

आमचा झिजला त्याला बरीच वर्षं झाली. लो टाकला तर पडायचा, पण टिकायचा नाही. ऐन चढणीला दांडी 'टक्' करून उडी मारायची, इंजिन मोकळंच बोंबलायचं आणि गाडी मागे निघायची. यावर आम्ही जो उपाय काढला तो आमच्या लोकांच्या स्वभावाला धरून होता. दुरुस्त करण्याऐवजी आम्ही ती दांडी धरून बसायला लागलो.

वरच्या शेताच्या वाटेवर मुरमाची एक उभी चढण आहे. तिचं नाव रडकी, कारण तिथं प्रत्येक इंजिन रडतं. रडकी लागली की ड्रायव्हरच्या डावीकडे बसलेल्यानं दोन्ही हातांनी छोटी दांडी धरायची, हा आमच्या घरचा रिवाज झाला. त्यातून कुणी सुटलं नाही. वहिनी नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिला कुलदेवाच्या पाया पडायला वर नेलं. तिनं हातभर हिरव्या चुड्यासकट दांडी धरली होती. पूजेला आलेल्या भटजींनी सोवळं सांभाळत धरली. एका निवडणुकीत एक उमेदवार वरच्या ठाकरवाडीत प्रचाराला निघाले. त्यांची चकचकीत गाडी रडकीच्या पायथ्यालाच बसली, म्हणून ते आमच्या जीपमध्ये आले. दादानं त्यांना नीट बजावलं, "सायेब, ही सोडायची नाय." त्यांनी मान डोलावली. चढणीच्या मध्यावर वाडीतली दोन-चार माणसं उभी दिसली आणि सवयीनं साहेबांचे दोन्ही हात जोडले गेले. टक्! हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू, आणि साहेब मतदारांपासून उलट्या दिशेनं दूर दूर जात होते. दादानं पायाचा ब्रेक दाबून गाडी धरली. साहेब निवडून आले की पडले ते आता आठवत नाही. निवडून आले असावेत. मागे जाण्याचं कुणी मनावर घेत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जीप त्याची. त्यानं ती घेतली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि मला चालवायला शिकवली तीही त्यानंच. गावात बाईनं जीप चालवणं ही तेव्हा बघायला जमण्याची गोष्ट होती. दादा जमलेल्यांना म्हणायचा, "बगा, बगा. पुढच्या येळी तिकीट लावणार हाय." मी लग्न केलं नाही. त्याची कारणं तेव्हा फार मोठी वाटायची, आता मलाही नीट आठवत नाहीत. खालापूरला एका कचेरीत नोकरी केली, पाहुण्यांसाठी गुच्छ आणि फिती कापायला कात्र्या आणण्यात आणि साहेबांची पत्रं लिहून देण्यात अर्धं आयुष्य घालवलं, आणि निवृत्त होऊन घरी आले. त्याच सुमाराला दादाच्या डाव्या डोळ्यातलं दिसणं गेलं. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. दादानं त्यावर वाद घातला नाही. घरी येऊन किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "बाय, आता तू तिकडं बस. मी दांडी धरतो."

एवढंच. इतक्या वर्षांचं स्टिअरिंग त्यानं असं सोडलं. पण दांडी मात्र त्यानं अशी धरली, की गाडी खरं तर तोच चालवत होता आणि मी फक्त चाकं वळवत होते. खांद्यावरचा पंचा काढून तो दांडीच्या गोळ्याला गुंडाळायचा, कारण लोखंड तापायचं. मग दोन्ही पंजे त्यावर. दांडीच्या थरथरीवरून त्याला पुढची वाट कळायची. "आता खडी हाय... जोर नको देऊ... आता चिकट माती... दे, दे गं... हां." मला दोन डोळ्यांनी दिसायचं नाही ते त्याला तळव्यांनी दिसायचं. वर पोचल्यावर तो म्हणायचा, "काढ." मग मी लो काढायचे. त्यानं काढ म्हणेपर्यंत मी कधी काढला नाही.

गेल्या वर्षी भात बरं आलं होतं. वरच्या शेतात कापलेल्या भाताची कडपं वाळत पडली होती, खळं खाली घराशी, आणि मधे रडकी. ठाकरवाडीतली जानी आणि तिच्याबरोबरच्या बाया भारे बांधत होत्या. जानी वर्षानुवर्षं आमच्याकडे कापणीला येते, आणि तिच्या जिभेपुढे विळा बोथट. त्या दिवशी ढग लवकर आला. ऊन असतानाच लांब कुठेतरी गुरगुरलं. आम्ही एक खेप खाली टाकून दुसऱ्या खेपेला वर निघालो. या खेपेला जीपमध्ये बायांसाठी पाण्याचे हंडे, ताडपत्र्या आणि दोर होते. रडकीच्या मध्यावर, जिथं वाट उजवीकडे कलते, तिथं दांडी सुटली.

मी ब्रेक दाबला. चाकं अडकली, पण मुरूम घरंगळतो; अडकलेल्या चाकांसकट जीप मागे सरकत गेली. हंडे एकमेकांवर आपटत होते. शेवटी मागची बाजू करवंदीच्या जाळीत घुसून बांधाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पाणी मात्र सगळं सांडलं. जीप जाळीतून निघेपर्यंत पाऊस आला, आणि वर बांधलेले भारे आमच्या डोळ्यांदेखत भिजले. नंतर त्यातल्या बऱ्याच भाताला कोंब आले. जानी वरून ओरडली, "दादा, गाडीला येक बैल बांध रं! निदान मागं तरी नाय जायचा!"

दादा हसला नाही. तो पंचा झटकत म्हणाला, "दांडी वली व्हती. हात सटाकला."

पाऊस त्यानंतर आला होता. दांडी सुटली तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती. ती मिटेनाशी होऊन बरेच दिवस झाले असतील. चहाचा कप तो हल्ली दोन्ही हातांनी धरायचा, आणि आम्हाला वाटायचं की थंडी वाजतेय. मी म्हणाले, "हो, ओलीच होती."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच जीप घेऊन निघाले. दादाला म्हणाले, "बुश बदलून आणते." तो म्हणाला, "बरं." पुढे विचारलं नाही. कर्जतमधून पळसदरीवरून खालापूरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना भातं आडवी पडलेली, आणि मधे मधे फार्महाऊसांची उंच कंपाउंडं, ज्यांच्या फाटकांवर फुलांची नावं लिहिलेली असतात आणि आत फूल नसतं. गॅरेज मोरेश्वर मिस्त्र्याचं. हा गुणी माणूस, पण त्याची त्याला पूर्ण कल्पना आहे. केलेल्या प्रत्येक कामाचे तो मोबाईलवर फोटो काढतो आणि गिऱ्हाईक नाही म्हणेपर्यंत दाखवत राहतो.

त्या दिवशी त्याच्याकडे मुंबईच्या हौशी मंडळींच्या दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. पाऊस ओसरला की रविवारी ही मंडळी आमच्या बाजूला येतात. गाड्यांना टपापर्यंत चढवलेल्या, पाण्यातून जाताना इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्या, पुढे दोर ओढायची चरखी, दारांवर वाघ. आम्ही पेंढा आणायला जिथं जातो, तिथं जाण्याला हे लोक 'मोहीम' म्हणतात. निघण्याआधी कुणीतरी झेंडा दाखवतं. त्यांच्यातल्या एकानं एकदा रडकीच्या पायथ्याशी दादाला विचारलं होतं, "काका, तुमची गाडी फोर बाय फोर आहे का?" दादा म्हणाला, "गाडी हाय. बाकीचं तुमी ठरवा." त्याच दुपारी त्या गृहस्थांना आम्ही दोर बांधून चिखलातून काढलं. त्यांनी आभार मानून आमच्याबरोबर फोटो काढला आणि फोटोत जीप येऊ नये अशी काळजी घेतली.

मिस्त्री जीपखाली गेला, बराच वेळ आतून हुंकार देत राहिला आणि बाहेर आला तो हातात झिजलेली पिन घेऊन. गोल पिन एका बाजूनं सपाट झाली होती.

"ताई, बुश बिश सगळा गेला. रॉड वाकलाय. दांडी तुमी पूर्ण टाकता, पण खाली गिअर अर्धाच पडतो. म्हणून उडतो."

"आम्ही धरून ठेवतो."

"धरून?" त्यानं पिन खाली ठेवली. "कोण धरतो?"

"दादा."

"किती वर्षं?"

मी ती पिन उचलून बघितली. मिस्त्री म्हणाला, "ताई, धरल्यानं आतला फोर्क, म्हंजे गिअर सरकवणारा चिमटा, घासतो. सारखा दाब बसतो ना त्याच्यावर. उडतो म्हणून तुमी धरता, आणि धरता म्हणून अजून झिजतो, अजून उडतो. असा सगळा तुमचा कारभार."

लेथवरून त्यानं नवा रॉड करून आणला. जाड, सरळ, दोन्ही टोकांना गोळीचा सांधा, लांबी कमीजास्त करायला आटे. फोर्क बदलला. पेटीतली दांडी अडवून ठेवणारी स्प्रिंग नवी घातली. याला तो 'अपग्रेड' म्हणत होता, आणि तो शब्द उच्चारताना कॉलर ताठ करत होता. संध्याकाळी मी बसून दांडी ओढली. ती घरात अशी जाऊन बसली, जसं दाराचं नवं कुलूप बसतं. कुठे हालचाल नाही, खडखड नाही.

"आता हिला हात लावायचा नाय," मिस्त्री बोट उगारून म्हणाला. "टाकायची आणि सोडून द्यायची. दादांना सांगा, नुसता हात ठेवला तरी फोर्कवर दाब येतो."

घरी येताना पळसदरीच्या धरणापाशी मी थोडी थांबले. पाणी शांत होतं. चांगली दुरुस्त झालेली गाडी चालवताना माणसाला आनंद होतो असं म्हणतात. मला एवढंच कळत होतं, की दांडीला हात लावायचा नाही हे मिस्त्र्याचं वाक्य मला दादाला सांगायचं आहे, आणि मी आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांची वाईट वाक्यं सभ्य भाषेत लिहून देण्याचं काम केलेलं असूनही हे एक मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रडकीच्या पायथ्याशी थांबलो. मी लो टाकला. दादानं खांद्यावरचा पंचा काढला, गोळ्याला गुंडाळला, आणि दोन्ही हात ठेवले. मी क्लच सोडला. चढायला लागलो. मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "मेली काय गं ही?"

"का रं?"

"हालत नाय."

"नवा रॉड आहे ना."

तो वाकून दांडीकडे बघत राहिला. खडी कुठे लागली, चिकट माती कुठे लागली, त्यानं काहीच सांगितलं नाही. त्याला कळतच नव्हतं. नव्या सांध्यातून आता थरथर वर येत नव्हती. वर पोचलो. तो नेहमीसारखा "काढ" म्हणेल म्हणून मी थांबले. तो काही म्हणाला नाही. मग मीच म्हणाले, "दादा, मिस्त्री म्हणत होता, हिला हात नाही लावायचा. धरलं की आतलं झिजतं."

तो शेतातल्या भाऱ्यांकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "म्हंजे मीच झिजवली?"

"आपण," मी म्हणाले. "भटजी पण होते. ते साहेब पण होते."

याला तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं पंचा सोडला, नीट चौपदरी घडी घातली, खांद्यावर टाकला आणि उतरला. त्या हंगामात तो पुन्हा जीपमध्ये बसला नाही. पायी वर यायचा, पायी खाली जायचा. मी रडकी चढताना तो वाटेच्या कडेला उभा राहून, अनोळखी गाडीला वाट द्यावी तशी मला वाट द्यायचा. जानीनं एकदा विचारलं, "भावाला उतरवलास काय गं?" मी म्हणाले, त्याला चालायला आवडतं. जानी म्हणाली, "हां. आमाला पन लय आवडतं."

घरी वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, धरू द्यायची होती की त्यांना. गिअर बाजारात मिळतो."

हे तिचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. भात झोडून झाल्यावर मी जीप घेऊन पुन्हा खालापूरला गेले. मिस्त्र्याला म्हटलं, थोडी सैल करता येईल का? म्हणजे धरावी लागेल, पण उडणार नाही, इतपत. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याला देवळातली घंटा वाजणार नाही अशी करून मागितली आहे.

"ताई, माझ्या हातून वाईट काम व्हनार नाय."

"मुद्दाम वाईट नाही. जरासं."

"जरासं वाईट तर मुळीच नाय," तो म्हणाला, आणि मला मोबाईलवर माझ्याच गाडीच्या नव्या रॉडचे फोटो दाखवायला लागला. मी ते सगळे बघितले. चांगले आले होते.

यंदा दादाचे गुडघे गेले. मोठं काही नाही, वय. अंगणातून खळ्यापर्यंत जातो तो काठी टेकत. आज ताडपत्री काढताना तो पडवीत बसून बघत होता. मी इंजिन चालू केलं, जीप अंगणात आणली आणि हाक न मारता थांबले. बोलावलं तर तो आला नसता, हे इतक्या वर्षांनी मला कळायला हवंच. इंजिन धडधडत राहिलं. वहिनी आतून ओरडली, "जाताय का धूर करून राहताय?" तेव्हा तो उठला, काठी आधी आत टाकली, मग स्वतः चढला. डावीकडे.

रडकीखाली थांबून मी लो टाकला. दादानं खांद्यावरचा पंचा काढला. मी समोर बघत राहिले. त्यानं तो स्वतःच्या गुडघ्यावर पसरला आणि त्यावर उजवा हात ठेवला. चढण सुरू झाली. कडेच्या कुड्याच्या झाडांवरून दव निथळत होतं, वर राजमाचीच्या बाजूला अजून काहीच नव्हतं, नुसतं स्वच्छ आभाळ, ज्याच्यावर या दिवसांत कुणी विश्वास ठेवत नाही. मध्यावर, वाट कलते तिथं, मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. गुडघ्यावरचा पंचा त्याच्या मुठीत गोळा झाला होता. न मिटणारी ती दोन बोटंसुद्धा जेवढी मिटतील तेवढी मिटली होती. मनगटावरची शीर वर आली होती. दांडी तिच्या घरात निवांत बसून होती आणि हा बाजूला बसून गाडी धरत होता.

"आता खडी हाय," तो म्हणाला. ती होतीच, तिथं दरवर्षी असते. मी जोर कमी केला.

वर सपाटीला आल्यावर मी ब्रेक दाबून थांबले. लो काढला नाही. जानी भारा डोक्यावर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "काय रं, गाडी यील की नाय पुढं? मान मोडली माजी." मी दादाच्या गुडघ्याकडे बघत राहिले. त्यानं हळूहळू एकेक बोट सोडलं. पंच्यावर मुठीच्या चुण्या राहिल्या होत्या.

"काढ," तो म्हणाला.

मग मी काढला.